परस, फूट आणि मिलिमीटर

आमच्याकडे विहिरीचं पाणी परसात मोजत. उभ्या माणसानं हात वर केला की जमिनीपासून बोटाच्या टोकापर्यंत जेवढी उंची भरते, तो एक परस. "इहिरीत किती हाय?" असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, "दीड परस हाय, संक्रांतीपस्तोर निघंल." माझा आजा नाड्याच्या टोकाला दगड बांधून तो विहिरीत सोडायचा आणि भिजलेला नाडा हातानं मापायचा. दुसरं माप मोटेचं. दिवस उगवल्यापासून किती मोटा ओढल्यावर पाणी तळाला लागतं आणि रात्रीतून किती चढतं, हे त्याला तोंडपाठ असे. पावसाचं माप जमिनीत. मृगाचा पाऊस झाला की तो रानात जाऊन बोटानं माती उकरायचा. ओल वीतभर खाली गेली असली तर पेरणी, नाहीतर थांबायचं.

हे सगळं मोजमापच होतं. आता त्याला लोकसहभागाचं विज्ञान, नागरिकांचं विज्ञान अशी नावं निघाली आहेत. पण जुन्या मोजमापात दोन उणिवा होत्या. एक, ते कुठं लिहून ठेवलेलं नसे. आजा गेला आणि त्याच्या चाळीस वर्षांच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. दुसरी, प्रत्येकाचं माप प्रत्येकापाशी. बांधापलीकडच्या विहिरीत किती पाणी आहे हे विचारायचं नसतं, आणि विचारलं तरी खरं सांगायचं नसतं. पाणी म्हणजे पत. मुलीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे आधी विहिरीत डोकावत.

आमचं गाव गिरजा नदीच्या खोऱ्यात, फुलंब्री तालुक्यात. संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, एसटीनं तासाभरावर. जिल्ह्याचा पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटर सांगतात. ही सरासरी आम्हाला कळली ती फार उशिरा, आणि कळल्यावरही तिचा उपयोग नव्हता. पर्जन्यमापक तालुक्याच्या गावी. तिथं पडलेला पाऊस कागदावर सगळ्या तालुक्याचा व्हायचा. आमच्या पश्चिमेच्या डोंगराला ढग अडून धो धो कोसळतो आणि त्याच वेळी पूर्वेच्या शिवारात धूळ उडत असते, हे त्या कागदाला कळायचा मार्ग नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर आई-दादा दोघंही जायचे. सुकडी मिळायची, रेशनला तांबडा मिलो यायचा. त्या दुष्काळानं आमच्या भागात दोन गोष्टी कायमच्या आणल्या: पाझर तलाव आणि पाण्याचा सरकारी अभ्यास. त्याच १९७२ साली राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. तिनं राज्यभर निरीक्षण विहिरी ठरवल्या, आज त्या चार हजारांच्या आसपास आहेत. वर्षातून चार वेळा त्यांतली पातळी मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर. पुढं १९८० मध्ये औरंगाबादला जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली वाल्मी आली. ज्ञान दाराशी आलं होतं. पण ते जिल्ह्याचं, तालुक्याचं, पाणलोटाचं ज्ञान होतं. आमच्या गावानं यंदा रब्बीला काय पेरावं, हे सांगण्यासाठी ते नव्हतंच. ते काम गावाचं होतं आणि गाव ते करत नव्हतं.

मग वीज आली, मोटा गेल्या, पंप आले. पंपाला मोट मोजता येत नाही. बटण दाबलं की पाणी, वीज गेली की बंद. विहिरीकडं रोज डोकावायची गरज संपली, तशी तिची नाडीही हातातून सुटली. त्यानंतर बोअर. माप परसातून फुटात गेलं. शंभर फूट, दोनशे फूट, पुढं पाचशे. २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला मनाई केली, पण गाडी रात्री येते आणि रात्रीच जाते.

आमच्या जमिनीखाली काय आहे, हे इथं सांगायला हवं. वरती माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. पाषाणाच्या पोटात समुद्र नाही. पावसाच्या शंभर थेंबांतले दहाच्या आसपास जेमतेम खाली मुरतात. खोल बोअर मारणारा नवं पाणी शोधत नसतो. बहुतेक वेळा तो शेजाऱ्याच्या विहिरीच्या बुडाला भोक पाडत असतो. हे एकट्या माणसाला आपल्या बांधावरून दिसत नाही. पाच-दहा विहिरींची पातळी एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिली तरच दिसतं.

असं लिहून पाहणारी गावं होती. आमच्याच जिल्ह्यात आडगावला मराठवाडा शेती साह्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांनी १९८० च्या दशकात पाणलोटाचं काम उभं केलं. पुढं जालन्याजवळच्या कडवंचीत ते काम आणखी पुढं गेलं. आणि नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तर सगळ्यांना माहीत. आमच्या गावातून टेम्पो करून पंचवीस जण ते पाहायला गेलो होतो. बंधारे, झाडं, चारा पाहून लोक खूश झाले. माझ्या मनात मात्र तिथला पर्जन्यमापक राहिला. पाऊस गावात मोजायचा, शाळेच्या पोरांनी मोजायचा, विहिरींची पातळी घ्यायची आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून त्या गावानं शेतीसाठी बोअर बंद ठेवले, ऊस आणि केळी लावायची नाही हे ठरवलं. आम्हाला बंदी दिसली. बंदीच्या मागं वही आहे, हे परतीच्या टेम्पोत फारसं कुणी बोललं नाही.

वही आमच्या गावात आली, पण बाहेरून. एक संस्था आली. नाव सांगत नाही. त्यांनी शाळेत एक पर्जन्यमापक बसवला, सात शेतकऱ्यांना छापील वह्या दिल्या, टेप दिली, चहा-पोह्यांसकट दिवसभर शिकवलं. लोकांनी मनापासून लिहिलं. एक आमच्या नात्यातले चुलते, अंगठ्याचे. ते नातवाला काठावर उभं करून आकडा लिहून घ्यायचे. वर्षभरानं गाडी आली, वह्या गोळा झाल्या, सह्या झाल्या, फोटो झाला. त्यानंतर काहीच नाही. काय निघालं, कुणाची विहीर किती उतरली, कुणी सांगायला आलं नाही. पुढच्या जूनमध्ये चुलत्यांनी विचारलं, "आता कुणासाठी लिवायचं?" कुणापाशी उत्तर नव्हतं. त्या पर्जन्यमापकाचं नरसाळं पुढं किती तरी दिवस एका घरात रॉकेल ओतायला होतं.

त्या वर्षांत मला बरेच जण सांगत, गावच्या लोकांना आकड्यांत रस नसतो. हे खोटं आहे. दुधाची फॅट पॉइंटपर्यंत ज्यांना पाठ असते, मोंढ्यातला कापसाचा भाव जे रोज विचारतात, त्यांना आकड्यांत रस नाही कसा? रस त्या आकड्यात असतो, जो परत येतो आणि काहीतरी ठरवतो. फॅटचा आकडा दहा दिवसांनी पैसे होऊन परत येतो. आमच्या वह्यांतला आकडा गेला तो गेलाच.

२०१२, २०१४, २०१५. मराठवाड्यातल्या माणसाला ही सालं फोड करून सांगावी लागत नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातही आली. टिकाव, घमेलं आणि श्रमदान लोकांच्या लक्षात राहिलं. पण त्या स्पर्धेत गावाच्या पाण्याच्या अंदाजपत्रकालाही गुण होते. म्हणजे गुणांसाठी का होईना, गावाला बसून विचारावं लागलं की आपल्याकडं पाणी येतं किती आणि जातं किती. शेजारच्या जालना जिल्ह्यात आणि लातूर-धाराशिवकडं पुढं अटल भूजल योजना आली. तिनंही ग्रामपंचायतींना हाच प्रश्न विचारला.

स्पर्धा संपल्यावर आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं की मोजायचं, पण या खेपेला वही गावातच राहील. शाळेच्या पटांगणात एक पर्जन्यमापक, दुसरा डोंगराकडच्या वस्तीवर. पाच विहिरी, शिवाराच्या पाच अंगांना. आणि पारावर काळा फळा. नियम तीन. पाऊस रोज सकाळी साडेआठलाच मोजायचा, कारण हवामान खात्याची वेळ तीच आहे आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता आला पाहिजे. विहीर रात्रभर पंप बंद राहिल्यावर पहाटे मोजायची, कठड्यावरच्या चुन्याच्या एकाच खुणेपासून. आणि जो आकडा निघेल तो त्याच दिवशी फळ्यावर.

पहिली अडचण विहिरींची. कुणी विहीर द्यायला तयार नाही. एक जण स्पष्ट म्हणाला, "आज पातळी दाखवली तं उद्या पट्टी लागंल." दुसरा म्हणाला, "माही इहीर सगळ्या गावानं कामून बघायची?" भीती चुकीची नव्हती. ज्याच्या विहिरीला पाणी आहे हे फळ्यावर दिसतं, त्याच्याकडं उन्हाळ्यात हंडे येतात. म्हणून पहिल्या तीन विहिरी मोजणाऱ्यांच्या स्वतःच्या घेतल्या. दोन महिने फळ्यावर आमचंच पाणी उतरताना गावानं पाहिलं. मग चौथा आपणहून आला.

दुसरी अडचण मोजणाऱ्यांची. पुरुष माणसं उत्साहानं सुरुवात करतात आणि लग्नसराईत गायब होतात. रोजचं काम टिकलं ते दोघींमुळं. शाळेतलं माप नववीतली एक मुलगी घ्यायची. वस्तीवरचं माप घेणारी तिथली सून, सहावी शिकलेली. वस्तीवरच्या वैनीला पहिल्यांदा सासूनं हटकलं, "सकाळच्या पारी पाण्याची बाटली घिऊन काय करतीस गं?" पुढं फळ्यावर तिचा आकडा आला आणि लोक तिला विचारू लागले, "वैनी, राती किती झाला?" त्यावर सासू सांगू लागली, "चवदा झाला, आमच्या सुनंनं मोजलाय."

चुका व्हायच्या. एकदा शाळेत साडेचारचे पंचेचाळीस झाले, बिंदू राहून गेला. वस्तीवर त्या रात्री सहाच मिलिमीटर होता, म्हणून संशय आला. रस्त्यावरची धूळ पाहिली तर तीही धड बसली नव्हती. त्यावरून ठरलं की दोन मापांत मोठा फरक आला तर खोडायचं नाही, शेजारी कारण लिहायचं. खोडलेला आकडा मेलेला असतो; कारण लिहिलेला आकडा पुढच्याला शहाणं करतो. माप घेणाऱ्यावर ओरडायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. ओरडा खाल्लेलं पोर दुसऱ्या दिवशी अंदाजे आकडा लिहितं.

तिसरी अडचण भाषेची. मिलिमीटर म्हटलं की सभेत माणसं जांभया देत. मग गुरुजींनी तोड काढली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. एका एकरावर साधारण चार हजार लिटर. आमच्याकडं टँकर सगळ्यांना ठाऊक. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पंचवीस मिलिमीटरचा पाऊस म्हणजे एकरावर दहा टँकर. आता पिकाकडं या. गव्हाला साधारण चारशे मिलिमीटर लागतात, म्हणजे एकरी एकशे साठ टँकर. हरभरा त्याच्या निम्म्यात भागतो. उसाला दोन हजारांच्या घरात लागतात, म्हणजे एकरी आठशे टँकर. हे फळ्यावर लिहिलं त्या दिवशी पारावर बराच वेळ कुणी बोललं नाही. उन्हाळ्यात एका टँकरसाठी भांडणारं गाव आम्ही.

त्यापुढची ऑक्टोबरची ग्रामसभा आमच्या वहीची परीक्षा होती. सप्टेंबर कोरडा गेलेला. पाचही विहिरी मागच्या वर्षीपेक्षा खाली, आणि पूर्वेकडच्या दोन फारच खाली. हिशोब सरळ होता: माणसं, जनावरं आणि उभी तूर-कापूस जाऊन गव्हापुरतं पाणी उरत नव्हतं. सभेत आवाज चढले. गव्हाचं बी आणून ठेवलेला एक जण उठला आणि म्हणाला, "तुमच्या फळ्यानं माह्या लेकराला पोळी द्यायची का?" तो प्रश्न खरा होता. गव्हाऐवजी हरभरा पेरणाऱ्याला पैसे कमी मिळतील की जास्त, हे फळा सांगत नव्हता. फळा एवढंच सांगत होता की सगळ्यांनी गहू पेरला तर फेब्रुवारीत सगळ्यांचाच वाळेल.

ठराव झाला नाही. बंदी तर नाहीच. पण घरोघर जाऊन विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी हरभरा आणि ज्वारी धरली. काहींनी गहू पेरला, त्यांतल्या काहींचा आला, काहींचा ओंबीत असतानाच गेला. टँकर त्याही उन्हाळ्यात लागला. गाव जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण पेरणीआधी गावानं एकत्र बसून एकमेकांच्या विहिरीचा आकडा मोठ्यानं बोलला, हे आमच्या गावच्या इतिहासात आधी घडलेलं नव्हतं.

पुढं वाचताना कळलं की हे दुसरीकडंही झालं आहे. एकत्रित आंध्र प्रदेशात २००३ च्या सुमारास सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरी मोजून रब्बीआधी पाण्याचा हिशोब मांडायचा प्रयोग केला. त्यातही बंदी नव्हती, फक्त माहिती होती. आणि तिकडं अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावात जुलै १९९७ मध्ये असा पाऊस झाला की गावाच्या एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम सर. सरकारी मापकांना तो धडपणे सापडला नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या विद्यापीठानं लोकांच्या घरोघरी साधे पर्जन्यमापक बसवून जाळं सुरू केलं. आज त्यात हजारो माणसं रोज सकाळी आपल्या परसातला पाऊस कळवतात. त्या लोकांचं दुःख आमच्यासारखंच होतं: माप एकीकडं आणि पाऊस दुसरीकडं.

हे दुःख आमच्याकडं अजून संपलेलं नाही. आता महसूल मंडळाच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आली आहेत, तालुक्यापेक्षा ते बरंच जवळ. एका दिवसात पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस गेला तर मंडळात अतिवृष्टी धरतात. एका वर्षी डोंगराकडच्या वस्तीवर तो आकडा केव्हाच ओलांडला होता, माती वाहून गेली, कापूस आडवा झाला. मंडळाच्या यंत्रावर मात्र पाऊस कमी भरला, कारण ढग तिथं नव्हताच. वैनीची वही घेऊन लोक कचेरीत गेले. वही पाहिली गेली, पण नियमात बसत नाही असं उत्तर आलं. परत आल्यावर पुन्हा तोच प्रश्न: मग कशाला लिहायचं?

त्या दिवशी पारावर उत्तर दिलं ते वैनीनं. म्हणाली, "त्यायच्यासाठी कुठं लिवते मी? म्या लिवलं म्हून तं तुमाला म्हाईत हाय, किती झाला ते." मला वाटतं, या सगळ्या कामाचं मर्म यात आहे. वहीला सरकारी मान मिळाला पाहिजे, त्यासाठी भांडलंही पाहिजे. गावाचं माप योग्य वेळी, योग्य रीतीनं घेतलेलं असेल तर मंडळाच्या यंत्राशेजारी ठेवून पडताळायला हरकत नसावी. पण तो मान मिळेपर्यंत वही जिवंत राहायची असेल, तर ती आधी गावाच्या उपयोगाची असली पाहिजे.

आता बाहेरची माणसं येतात. कुणी पक्षी मोजायला सांगतं, कुणी झाडांना फुलं कधी येतात ते लिहायला सांगतं; जैवविविधता कायद्याप्रमाणं गावची लोकजैवविविधता नोंदवहीही करायची असते. सगळी कामं चांगली आहेत, आणि नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी मोजायला आमच्या पोरांना आवडतंच. येणाऱ्याला गाव आता आधी विचारतं: वहीची एक प्रत आमच्याकडं राहील का? निघालेलं आम्हाला सांगायला कोण, कधी येईल? मोजणाऱ्याचं नाव कुठं लागेल? दोन-तीन जण एवढ्यावरूनच परत गेले. जे थांबले, त्यांना माणसं मिळाली.

नववीतली मुलगी शिकून शहरात नोकरीला लागली. तिच्या जागी आता तिसरी मुलगी आहे. वह्या शाळेच्या कपाटात आहेत, साल घालून. चुन्याच्या खुणा दर दिवाळीला नव्यानं मारतो. गेल्या साली पूर्वेकडच्या विहिरीचा मालक, तोच पट्टी लागेल म्हणणारा, फळ्याजवळ उभा राहून पोराला सांगत होता की आपली विहीर मागच्या सालापेक्षा दोन हात वर आहे. त्यानं हातात सांगितलं, फळ्यावर मीटरमध्ये लिहिलं होतं. दोन्ही बरोबर होतं.